पुलावरची म्हातारी फार बोलते

२ मार्च, सोमवार

आज तिसरा भाग आला!

कुरियरवाल्याला आधी आत बसवलं, पाणी दिलं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, म्हणून एक सेफ्टी पिन दिली. "नको आजी," म्हणाला. म्हटलं, "असू दे खिशात, लागते कधीतरी." मग खोक्यात काय आहे ते सांगितलं, कारण बिचारा दिवसभर खोकी वाहतो आणि आत काय आहे ते त्याला कुणी सांगत नाही. पहिल्या भागाची गोष्ट सांगून झाली, दुसऱ्याची निम्मी झाली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो पळालाच. दुसरा भाग निम्माच ऐकला ते बरं झालं. त्यात ऐकण्यासारखं तेवढंच आहे.

खेळाचं नाव 'सात पूल'. टीव्हीला यंत्र जोडायचं, हातात ते दोन शिंगांचं रिमोट धरायचं (कंट्रोलर म्हणतात, मी म्हणत नाही) आणि आपण वाटसरू व्हायचं. एका वेड्यावाकड्या नदीवर सात पूल आहेत, ते ओलांडत समुद्र गाठायचा. वाटेत माणसं भेटतात, राक्षस भेटतात, कुणाचं काही हरवलेलं असतं, कुणाचं काही मोडलेलं असतं. बास. एवढ्यावर माझी कितीतरी वर्षं मजेत गेली.

हे खूळ घरात आलं ते माझ्या नातीच्या पायी, म्हणजे तिच्या मोडलेल्या पायापायी. लहानपणी गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून तिला खारूताई म्हणायचो, आता नुसतीच खारू. शाळेत असताना पाय मोडून घरी बसली, तेव्हा तिच्या बापाने हे यंत्र आणून दिलं. तिला सोबत म्हणून मी शेजारी बसले ती अजून उठले नाही. मारामारी तिची, बोलणं माझं, अशी आमची वाटणी. माझी शाळा चौथीत सुटली. वाचायला खरी शिकले ती या खेळातल्या लोकांचं बोलणं वाचून.

आता तीच खारू हा खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे, आगगाडीने जावं लागतं इतक्या लांब. तिसऱ्या भागात तिचा हात आहे. फोनवर म्हणाली, "आजी, माझं काम कुठलं ते मी सांगणार नाही. तू खेळ आणि ओळख. आणि मत खरं खरं दे, नात म्हणून सूट नको."

"मी कधी कुणाला सूट दिलीय?"

"तेही खरंच."

फोनवर मी सगळं विसरते, म्हणून ही डायरी. भिंगांच्या कंपनीने चिरंजीवांच्या चष्म्याच्या दुकानाला फुकट दिलेली. प्रत्येक पानाखाली छापलंय, 'डोळे जपा'. आता जपून काय करू? दोन्हीकडे मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा पिकलाय, महिनाअखेरीला काढू. तोवर टीव्हीवरची झाडं, डोंगर, माणूस एवढं कळतं, पण अक्षरं म्हणजे नुसत्या पांढऱ्या मुंग्या. कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

जाऊ दे, मी आता गप्प बसते. पण एक सांगते, खोक्यावरचं चित्र फार सुरेख आहे. काय आहे ते दिसत नाही, पण रंग सुरेख आहेत.

५ मार्च, गुरुवार

कोण वाचणार यावर घरात सभा झाली. सूनबाईने दोन दिवस वाचलं, पण ती बातम्या दिल्यासारखं वाचते. राक्षस आला तरी तोच सूर. शिवाय तिला ऑफिस. तेव्हा दुपारी दुकान बंद करून जेवायला येतो तेव्हा चिरंजीवाने वाचायचं असं ठरलं. त्याने तोंड एवढंसं केलं.

"आई, मी? ते बाहुल्यांचे खेळ?"

"तूच आणलंस ना यंत्र?"

"मी पायासाठी आणलं होतं. पाय बरा होऊन किती वर्षं झाली."

त्याच्या रागाचं मूळ मला ठाऊक आहे. खारू कॉलेजात असताना त्याच्या दुकानात बसायची. भिंग कापायला, घासायला इतकी छान शिकली की हा हरखून गेला. भिंग घासायच्या यंत्रापाशी आपल्या स्टुलाशेजारी तिच्यासाठी दुसरं स्टूल आणलं. आणि एक दिवस ती म्हणाली, बाबा, मला खेळ बनवायचेत, मी जाते. हा म्हणाला, जा. झालं. ह्याला वाटलं ती थांबेल, तिला वाटलं हा थांबवेल. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. भांडतही नाहीत. अहो, भांडण परवडलं, निदान घरात आवाज तरी होतो. स्टुलावर आता खोक्यांचा डोंगर आहे, आणि गिऱ्हाईक त्याला टेकलं तरी हा गुरगुरतो.

मधल्यामध्ये मी. "तिला सांग, तिकडे वारा फार असतो, कान झाकून फिर." "त्यांना सांग, झाकले." पहिल्या भागात असली कामं फार असायची, ह्याचा निरोप त्याला, त्याचा ह्याला, आणि शेवटी बक्षीस म्हणून एक गाजर. मला गाजरही मिळत नाही. त्यात मी निरोपात थोडी भर घालते, नुसतं 'कान झाक' सांगणं कोरडं वाटतं.

देवाकडे मागणं एकच. डोळ्यावरची पट्टी निघेल तेव्हा समोर दोघं एकदम दिसावीत, आणि एकमेकांशी बोलताना दिसावीत. बाकी समुद्र मी माझा गाठीन.

९ मार्च, सोमवार

पहिला पूल झाला. आधी मत लिहून ठेवते.

पुढचा भाग काढणं म्हणजे घरात सून आणण्यासारखं आहे. जुन्या घराची रीतही कळायला हवी आणि तिची स्वतःची भाजी-फोडणीही वेगळी हवी. पहिला भाग दिसायला ओबडधोबड. माणसांची तोंडं विटांसारखी चौकोनी, पण काळजाची माणसं. वाट कुणी दाखवायचं नाही, विचारत विचारत जायचं, आणि चुकलात तर चुकलात. एकदा आम्ही चुकून एका पाणचक्कीशी पोचलो आणि तिथल्या लोहाराशी इतकी दोस्ती झाली की पूल विसरलो. दुसरा भाग आला तो नटूनथटून. तीच पत्ती पुन्हा उकळलेला चहा, वर साय! डोक्यावर सारखा बाण, इकडे जा, तिकडे वळ. बोट धरून चालवायला मी काय कुक्कुबाळ आहे? आणि आमचा लोहार! सुरुवात होते न होते तोच मारून टाकला, कशाला तर आम्हाला रडू यावं म्हणून. मी रडले नाही, चिडले. घोडा मात्र चांगला होता. दुसऱ्या भागाला मी घोड्यापुरती माफ करते.

तिसऱ्यात बाण नाही! बघितल्याबरोबर मी हात जोडले. वाट विचारावी लागते, आणि लोक पहिल्या भागासारखं लांबण लावून सांगतात, 'पुढे एक पडकी भिंत लागेल, तिच्याकडे बघू नका, पुढे चला.' घर असं असावं.

आज खेळातल्या गावात पहिल्या घराशी आले तशी सवयीने थांबले आणि वाकले. चिरंजीवाने भुवई वर केली.

"हे काय?"

"घरात शिरतेय."

"वाकून?"

मग त्याला सांगितलं. या खेळांत दुसऱ्याच्या घरात शिरून मडकी फोडायची पद्धत आहे, आत नाणी असतात. पहिल्या भागात खारूने धडाधड फोडली. मी म्हटलं, "अगं, तो माणूस तिथे उभा आहे, त्याच्यादेखत?" ती म्हणाली, "आजी, तो काही बोलत नाही." "म्हणजे चालतं?" तर माफी मागायचं बटण काही खेळात नाही. एक वाकायचं बटण आहे, लपायला दिलेलं. तेच आम्ही धरलं. तेव्हापासून कुठल्याही घरात दारात थांबायचं, वाकायचं, मग आत, आणि मडक्याला हात लावायचा नाही. शेजारपाजारची पोरं खारूला हसायची. पण घरात कुणी नसतानाही ती वाकायची, मी चहा ठेवता ठेवता बघितलंय.

"आणि ते घरातले लोक काय म्हणतात?"

"काय म्हणणार? चित्रं ती. आपण आपल्यापुरतं वागायचं."

त्याने भात वाढून घेतला आणि पुढचं वाचलं.

१४ मार्च, शनिवार

तीन पूल पार. दुसऱ्या पुलाखालचा राक्षस मीच मारला, मारामारीला आता खारू नाही त्यामुळे तेही अंगावर पडलंय. चिरंजीव जेवण सोडून "डावीकडे! आई, डावीकडे!" करून ओरडत होता. बाहुल्यांचे खेळ म्हणे!

खारूचा फोन आला.

"ओळखलंस?"

"गवत."

"नाही."

"शेळ्या? फार लोभस आहेत, आणि एक तुझ्यासारखी मान तिरकी करून बघते."

"नाही गं. चौथ्या पुलाशी पोचलीस का?"

"पोचेन मंगळवारपर्यंत. का?"

"असंच. तुला वाचून कोण दाखवतं? आई?"

"छे, तुझा बाप."

फोन बंद पडला की काय असं वाटलं. "हॅलो? खारू?"

"आहे. बाबा? मोठ्याने?"

"मग काय मनातल्या मनात? मला ऐकू यायला नको?"

"आजी, ऐक. चौथ्या पुलाला आईला वाचायला सांग."

"तिला कुठला वेळ? आणि तुझा बाप आता छान वाचतो. राक्षसाचा आवाजही काढतो."

"बाबा राक्षसाचा आवाज काढतात?"

"आणि शेळीचाही."

मग ती हसली की रडली ते फोनवर नीट कळलं नाही. तिकडे सर्दीची साथ आहे बहुतेक. कान झाकत नाही, दुसरं काय.

१७ मार्च, मंगळवार

चौथा पूल. आणि काय हो म्हातारी आहे त्या पुलावर!

पुलाची राखण करते. पुलाच्या तोंडाशी तिची खोली, खिडकीत दिवा, आणि तोंडाचा पट्टा चालू. तिचं सगळं ऐकल्याशिवाय पूल ओलांडता येत नाही. तलवार दाखवा, सोनं दाखवा, ढिम्म.

चिरंजीव वाचायला लागला. "'ये बाळा, आत ये. वारा केवढा सुटलाय, आणि कान उघडे टाकून फिरतोस, मग म्हणशील पडसं झालं. बस. मी काही फार बोलत नाही, मला सवयच नाही बोलायची. तर काय झालं, हा पूल बांधायला जो गवंडी आला ना, त्याची मावशी—'"

इथे तो हसायलाच लागला. "आई, ही तर—" म्हणाला आणि थांबला.

"ही तर काय?"

"काही नाही."

"मग वाच ना."

गवंड्याची मावशी झाली, मावशीचं मांजर झालं, मांजर कुणाच्या छपरावरून पडलं ते झालं. मी पुढे जायचं बटण दाबून दाबून दमले.

"किती बोलते ही बाई!" मी म्हटलं. "माणसाने मध्ये श्वास तरी घ्यावा. समोरच्याला कामंधामं असतात."

चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिला. "खरं आहे," म्हणाला.

मग पुढचं वाचलं. "'जाऊ दे, मी आता गप्प बसते. पण एक सांगते. माझा मुलगा तोंडाने कडू आहे, पण त्याने केलेल्या दिव्याची काच बघ, एक बुडबुडा सापडायचा नाही. ज्याला काच इतकी जपून धरता येते, त्याला माणूस धरता येत नाही असं कसं होईल? त्याला फक्त हात कुठे—'"

आणि त्याचा आवाजच बसला. मी उठून पाणी दिलं. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घसा धरतो त्याचा, किती वेळा सांगितलंय, गरम पाणी पीत जा.

निघताना म्हातारीने वाटसरूला सुतळीचा तुकडा दिला. "'असू दे खिशात, लागतो कधीतरी.'" इथे मात्र तिने मला जिंकलं. बोलते फार, पण शहाणी आहे.

पाणी पिऊन चिरंजीव म्हणाला, "आई, हे बोलणं लिहितं कोण?"

"कंपनीतली माणसं."

"खारू?"

"छे रे! ती झाडंबिडं करत असणार. तिला कुठे बोलता येतं? लहानपणापासून तोंडात गूळ धरल्यासारखी."

"बोलायची नाही," तो म्हणाला. "पण ऐकत असायची."

मग ताट तसंच ठेवून दुकानात गेला. आवडती भाजी होती.

१९ मार्च, गुरुवार

आजचं सविस्तर लिहायला हवं, अक्षर ओळीवर बसो न बसो.

पूल ओलांडल्यावर त्या म्हातारीच्या मुलाचं घर. दिवे बनवतो. दारापासून आतपर्यंत तेलाची मडकी रांगेने. मी आपली नेहमीसारखी दारात थांबले, वाकले.

आणि तो बोलला! तीन भाग खेळले, अख्ख्या खेळात पहिल्यांदा कुणीतरी त्या वाकण्यावर बोललं. चिरंजीवाने वाचलं, "'कोण आहे दारात? लोक येतात, धाडकन शिरतात, मडकी फोडतात आणि जातात. तू वाकलास. मला वाटलं होतं जगात एकच घर आहे जिथे असं शिकवतात. ये, आत ये.'"

मी टाळ्याच वाजवल्या. याला म्हणतात पुढचा भाग! जुन्या माणसाची सवय लक्षात ठेवली. तिकडच्या लोकांना रीत आली म्हणायची. आता सगळ्यांनाच हा माणूस असं म्हणत असेल, पण म्हणू दे, मला तर वाटलं मलाच म्हणाला.

त्याच्या बाजूला काहीतरी काळपट दिसत होतं. "ते काय रे?" म्हटलं. चिरंजीव उठून टीव्हीला नाक लागेल इतका जवळ गेला. आणि लोकांना सांगतो लांबून बघा.

"स्टूल आहे."

"रिकामं?"

"नाही. खोकी आहेत त्याच्यावर."

तिथेच उभा राहून तो पुढचं वाचायला लागला. "'पलीकडच्या काठाला माझी मुलगी असते. तिला माझा निरोप सांगशील? रोज माझ्या आईबरोबर पाठवतो, पण आई त्यात आपल्या पदरचं फार घालते.'"

"बघ!" मी म्हटलं. "मला वाटलंच होतं. ती म्हातारी घालणारच."

तर काय निरोप द्यायचा ते आपण निवडायचं. "'एक, दुकानात गर्दी आहे, वेळ नाही. दोन, मी बरा आहे, तू बरी असशील. तीन...'" आणि पुढे वाचेचना.

"अरे, तीन काय?"

"'तीन, स्टूल रिकामं केलंय.'"

"मग कुठलं दाबू?"

खाली कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचा धप धप आवाज तेवढा येत होता. मी म्हटलं, "पहिलं दाबते, पटकन आटपेल, पुढे राक्षस वाट बघतोय."

"थांब!" असा ओरडला की रिमोट माझ्या हातातून मांडीवर पडलं. "तिसरं. पण तिसरं कसं दाबायचं? रिकामं कुठे केलंय? खोकी तशीच आहेत. खोटा निरोप पाठवायचा?"

स्वभावच तसा त्याचा. चष्म्याचा नंबर पावही इकडचा तिकडे खपत नाही त्याला.

मी म्हटलं, "मग आधी खोकी उचलायची आणि मग निरोप द्यायचा. एवढं डोकं काय धरतोस? उचलायचं बटण असेल कुठेतरी."

"आज इथेच थांबव," म्हणाला. सेव्ह करून ठेवलं. रसभंग झाला माझा, पण काय करता.

२२ मार्च, रविवार

घरात पाय ठेवायला जागा नाही. चिरंजीवाने दुकानातली खोकी आणून बोळात रचून ठेवलीत. सूनबाईने विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाला, "तिकडे अडचण होत होती." "आणि इकडे होत नाही?" ह्याने ऐकलंच नाही. सूनबाई म्हणते, काल दुकानात डोकावले तर हाच गडी स्टूल पुसत बसलेला, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या. म्हातारपणी माणसं विचित्र होतात म्हणतात. माझं काही दिसत नाही तसं, याचंच सुरू झालं.

जेवण झाल्यावर स्वतःच येऊन बसला. "आई, चालू कर. तिसरं दाब."

"आणि खोकी?"

"उचलली."

म्हणजे माझ्या माघारी खेळला की काय! पण टीव्हीत तो काळा ढीग मला अजून दिसत होता. तसं म्हटलं तर, "दाब गं तू," म्हणाला. दाबलं.

निरोप घेऊन पलीकडच्या काठाला गेले. तिथे ती मुलगी एका तराफ्यावर काहीतरी बांधत बसलेली. निरोप सांगितला. चिरंजीव अगदी सावकाश वाचत होता, औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं. "'त्यांना सांग, मी येईन. पण त्या स्टुलावर कायमची बसायला नाही. मला तराफे बांधायला आवडतात. मी त्यांच्याशेजारी थोडा वेळ बसेन, काच कशी घासतात ते बघेन, आणि परत जाईन. असं चाललं तर येते. चालेल का ते विचारून ये.'"

"चालेल," चिरंजीव म्हणाला.

"तसं लिहिलंय?"

"नाही. मी म्हणतोय."

आता टीव्हीला उत्तरं द्यायला लागला! मी हसले, म्हटलं, "अरे, तिला ऐकू जात नाही." तर उठला, चप्पल घातली, दूध आणतो म्हणाला आणि गेला. गेला तो किती वेळ आलाच नाही. आला तो हात हलवत.

"दूध?"

"कुठलं दूध?"

"कुठे होतास मग?"

"कोपऱ्यावर. फोनवर बोलत होतो."

गिऱ्हाईक असेल. रविवारी सुद्धा सोडत नाहीत बिचाऱ्याला. पण चिडलेला नव्हता. नाक लाल होतं, आणि बोळातून येताना खोक्याला ठेचकाळला तरी शिव्या दिल्या नाहीत.

२५ मार्च, बुधवार

समुद्र आला! सातवा पूल पार.

शेवटचा राक्षस मारून झाला आणि पूल संपला तिथे पाणीच पाणी. मला अक्षरं दिसत नाहीत, पण ते पाणी दिसलं. मध्ये काहीच नाही, नुसता उजेड. दुसऱ्या भागाच्या शेवटी फटाके उडाले होते, गाणी झाली होती, राजाने पदक दिलं होतं. इथे काही नाही. वाटसरू काठावर बसतो आणि खिशातल्या वस्तू वाळूवर मांडतो. वाटेत कुणी कुणी जे दिलं ते. चिरंजीव एकेक सांगत गेला, शिंपला, शेळीची घंटा, काचेचा दिवा, सुतळीचा तुकडा. आणि त्या सुतळीनेच वाटसरू दिवा काठीला बांधतो, मागून येणाऱ्यांना दिसावा म्हणून. बघा! लागली की नाही सुतळी? म्हातारी खोटं बोलली नव्हती.

माझं मत. पहिल्या भागाने मला चालायला लावलं, दुसऱ्याने पळवलं, तिसऱ्याने घरी आणून सोडलं. दोष काढायचाच तर तिसऱ्या पुलावर वटवाघळं फार आहेत, आणि पिशवीत ओझं घेऊ देत नाहीत, मी जमवलेले दगड टाकावे लागले. बाकी नाव ठेवायला जागा नाही. एरवी तिसऱ्यापर्यंत येताना गोष्टीचा जीव दमतो. इथे तिसराच सगळ्यात तरणा, आणि तरी पहिल्याची सगळी ओळख ठेवून आहे. लोहाराच्या थडग्यावर कुणीतरी रोज फूल ठेवतं, कोण ते सांगितलेलं नाही. असं हवं.

खारूला फोन केला. "समुद्र," म्हटलं. "समुद्र तू केलास."

"नाही आजी. पण समुद्र ज्याने केला तो माझ्या शेजारी बसतो, त्याला सांगते."

"मग हरले मी."

"हरली नाहीस. आधी डोळा होऊ दे."

येतेस का डोळ्याच्या वेळी, असं विचारणार होते. विचारलं नाही. निरोप पोचवून पोचवून कळलंय मला, काही विचारलं की 'नाही' ऐकावं लागतं.

३० मार्च, सोमवार

उद्या डोळा. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं, पट्टी काढताना मला खुर्ची दाराकडे तोंड करून द्या. "का हो आजी?" म्हणाल्या. म्हटलं, असंच. त्यांच्या कोटाची शिवण उसवलीय, त्यांना सुईदोरा देऊन आले.

३ एप्रिल, शुक्रवार

लिहायला आज परवानगी मिळाली. हे पान किती पांढरं आहे! मला वाटायचं ही डायरी पिवळट कागदाची आहे.

पट्टी काढली त्या सकाळचं सांगते. पट्टीच्या आत होते तेव्हाच कानावर आलं.

"थेंब आधी घालायचे, मग चष्मा."

"बाबा, मी वाचलंय, आधी हात धुवायचे."

"हात धुवायचे ते मला कळतं. गेली तीस वर्षं डोळ्यांचंच काम करतोय."

"डोळ्यांचं नाही, चष्म्यांचं."

"बघ, कालपासून आलीय आणि मला शिकवतेय!"

"मग डॉक्टरांचा कागद नीट वाचा ना, राक्षसाचा आवाज काढून वाचा हवं तर!"

भांडत होती हो! एकमेकांशी! सरळ तोंडासमोर! मध्ये मी नाही, 'तिला सांग' नाही, 'त्यांना सांग' नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि दाराशी दोघं दिसली, अगदी रेघांसकट. तिचं नाक ह्याच्यासारखंच आहे हे मला आजवर दिसलंच नव्हतं, आणि दोघांचीही नाकं फुगलेली. मी रडायला लागले तर दोघंही एकदम ओरडली, "रडायचं नाही, थेंब वाहून जातील!"

काल ती दिवसभर दुकानात त्या स्टुलावर बसली होती. एक भिंग घासलं म्हणे. एवढंसं वाकडं गेलं, ह्याने ते कुणाला विकलं नाही, खिशात ठेवलंय. रविवारी परत जाणार आहे. ह्याने तिच्यासाठी कानटोपी आणलीय, स्वतः दिली, माझ्या हाती पाठवली नाही. माझी निरोप्याची नोकरी गेली. गाजर शेवटपर्यंत मिळालं नाही.

आज दुपारी खारूने मला टीव्हीसमोर बसवलं. "चौथ्या पुलाशी जाऊ, तू स्वतः वाच." गेलो. अक्षरं अशी स्वच्छ, जणू तांदूळ निवडून ठेवलेत. आणि ती म्हातारी पहिल्यांदा नीट दिसली. ठेंगणी, पदराला खोचलेल्या तीन-चार सेफ्टी पिना, आणि चष्म्याची एक दांडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला. माझ्या चष्म्याला आहे तसाच अगदी. मुलगा जगाला उजेड विकतो आणि आईचा चष्मा दोऱ्याने बांधलेला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तसं मी म्हटलंसुद्धा. चिरंजीव म्हणाला, "आई, मी तुला दहा फ्रेमा आणून दिल्या असतील, तूच दोरा सोडत नाहीस." म्हटलं, माझं कुठे मध्ये आणतोस, मी तिच्याबद्दल बोलतेय.

"मग आजी," खारू म्हणाली, "माझं काम कुठलं?"

मी नीट विचार केला. "दिवे," म्हटलं. "काचेचे दिवे. चष्मेवाल्याच्या मुलीशिवाय उजेड इतका नेमका कुणाला जमायचा नाही."

तिने बापाकडे बघितलं, बापाने तिच्याकडे. "सांगू नकोस," तो तिला म्हणाला. सरळ तिला.

"आणि एक सुधारणा सांगते," मी म्हटलं. "चौथा भाग काढाल तेव्हा त्या पुलावरच्या म्हातारीचं बोलणं जरा कमी करा. चांगली आहे, पण फार बोलते."

तर दोघं जी हसायला लागली! हसता हसता चिरंजीव खोक्यांवर बसला, खोकं दबलं, सूनबाई आतून ओरडत आली, आणि तीही हसायला लागली, का ते न विचारताच. मला काही कळलं नाही, पण घरात इतका आवाज मी किती दिवसांनी ऐकला! हसू दिलं.

मागाहून मीच म्हटलं, राहू दे, कमी करू नका. कारण म्हातारीचं असं बोलणं मनाने रचता येत नाही. ज्याने कुणी तिला लिहिलं, त्याने लहानपणी कुण्या म्हाताऱ्या बाईपाशी बसून तिची सगळी बडबड मन लावून ऐकलेली असणार. गवंड्याच्या मावशीच्या मांजरापर्यंत सगळी. कोण असेल ती बाई? तिला हे कळलंय की नाही कोण जाणे.

नशीब काढलंन बाईने.